खान्देशातल्या उन्हात घरच्या टाकीतलं कोरल जगवायचं कसं

जळगाव घ्या, भुसावळ घ्या, धुळे-नंदुरबार घ्या, समुद्र आपल्यापासून लांब आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावून कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग घरी येऊन टाकीला नाक लावून विचारतात, हाई काय शे भो? तर कोरल आपल्याकडे जगतं, चांगलं वाढतं पण, फक्त व्हिडिओत परदेशातले लोक सांगतात ते जसंच्या तसं इथे करायचं नाही. त्यांचा सगळा जोर लाइटवर, डोसिंगवर (पाण्यात कॅल्शियमसारखी द्रावणं मोजून टाकणं) नि महागड्या फ्रॅगवर, म्हणजे कोरलच्या कापून वाढवलेल्या तुकड्यांवर असतो. आपल्याकडे कोरल मरतं ते वेगळ्याच कारणांनी. दुपारी पाणी तापलं, पाणी उडून खारटपणा वाढला, रात्री लाइट गेली नि पाणी हलायचं थांबलं, बस्स. कोरलला आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतो पण तो रोज वरखाली झालेला चालत नाही. म्हणून पहिला पैसा या तीन गोष्टींवर टाका, कोरल नंतर.

आधी कुठलं कोरल घ्यायचं ते बघू, कारण यात पैसेही जातात नि लफडंही होतं. कडक सांगाड्याचे सगळे दगडी कोरल, म्हणजे हॉबीवाले ज्यांना एसपीएस-एलपीएस म्हणतात ते, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ ज्या यादीत त्याच यादीत. ब्लॅक कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, सी फॅन हे पण त्यातच, आणि समुद्रकाकडी नि समुद्रघोडा पण. त्यामुळे कोणी मोबाइलवर फोटो टाकून स्वस्तात अ‍ॅक्रोपोरा देतो म्हणाला तर तिकडे बघूच नका. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथं स्नॉर्कलिंगला गेलात आणि तुटलेला तुकडा दिसला तरी तो तिथंच राहू द्यायचा. लाइव्ह रॉकचंही तसंच, तो दगड म्हणजे रीफचाच, समुद्रातल्या प्रवाळ खडकाचाच तुकडा असतो, त्यापेक्षा सिरॅमिकचा नाहीतर बनवलेला कोरडा रॉक घ्या, त्यावर नको असलेले किडे पण येत नाहीत.

आपल्यासाठी सॉफ्ट कोरल, म्हणजे कडक सांगाडा नसलेलं, मऊ अंगाचं. मशरूम, झोआंथस, टोडस्टूल लेदर, फिंगर लेदर, केनिया ट्री, झेनिया एवढ्यात टाकी भरून जाते. यांना कॅल्शियमची मोठी भूक नसते, रोजचं डोसिंग नसतं, आणि उष्णतेचा एखादा धक्का दगडी कोरलपेक्षा जास्त सोसतात. सोसतात म्हणजे रोज द्यायचा असं नाही. घेताना टाकीत वाढवलेला फ्रॅग आहे का विचारा आणि पक्कं बिल घ्या.

आता टाकी. निदान ३ फूट बाय दीड बाय दीड घ्या, म्हणजे साधारण १८० लिटर. लहान टाकी स्वस्त पडते म्हणून नवीन माणूस एक फुटाची नॅनो घेतो आणि तिथेच फसतो, कारण थोडं पाणी पटकन तापतं नि पटकन खारट होतं. भरलेल्या टाकीचं वजन पाव टनाच्या आसपास जातं, स्टँड लोखंडीच करून घ्या आणि त्याला गंज लागू नये म्हणून नीट रंग द्या, खारं पाणी कुठं ना कुठं सांडतंच. जागा निवडताना पश्चिमेची भिंत आणि वरचा मजला टाळा, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत बसतो. तळमजल्यावरची मधली खोली सगळ्यात बरी. गावाकडे धाब्याचं घर असेल तर नशीबवान आहात, आत चांगलंच गार असतं, पण वरून माती पडते म्हणून टाकीवर बारीक जाळी टाकायची, काच नाही, कारण वाफ निघाली पाहिजे. ते का ते पुढे येतंच.

पाण्याचं सांगतो. बोअरचं पाणी आपल्याकडे काळ्या खडकातून येतं, जड असतं, बादलीला पांढरा थर बसतो ते सगळ्यांनी पाहिलंय. नळाच्या पाण्यात क्लोरीन. दोन्ही टाकीत सरळ ओतायचं नाही. स्वयंपाकघरातला आरओ चालेल का हे सगळेच विचारतात, तर त्यात चव यावी म्हणून थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचा मीटर बुडवला की ५०-१०० दाखवतो, आपल्याला शून्य पाहिजे. त्या आरओला क्षार मिसळायच्या आधीच्या पाइपला एक डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांची नळी जोडली की काम होतं, आणि मीटर शून्याच्या वर जायला लागला की रेझिन बदलायचं. यात कंजुषी केली की सिलिकेट नि फॉस्फेट येतं आणि काचेवर आधी तपकिरी नि मग हिरवा थर.

मीठ म्हणजे मरीन सॉल्टच, घरातलं नाही नि खडे मीठ पण नाही. काही लोक डोकं लावतात की सुरत गाडीने काही तासांवर आहे, तिथून कॅन भरून आणू. नका आणू. आपलीच तापी तिथे समुद्राला मिळते, खाडीचं पाणी, गाळ भरलेला, वर मोठ्या शहराचं सांडपाणी नि कारखाने. त्या पाण्याचा खारटपणा भरती-ओहोटीला बदलतो. मरीन सॉल्ट वेगळ्या बादलीत आरओ-डीआय पाण्यात टाका, छोटा पंप लावून रात्रभर फिरू द्या, मग मोजा. ३५ पीपीटी पाहिजे, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५ ते १.०२६. प्लास्टिकचा काट्यावाला हायड्रोमीटर खोटं बोलतो, रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो पण ३५ च्या कॅलिब्रेशन पाण्याने अधूनमधून तपासा.

टाकी भरली की लगेच कोरल नाही. चार ते सहा आठवडे सायकल होऊ द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टाकीत वाढू द्या, अमोनिया वर जाऊन खाली येतो, मग नायट्राइट, दोन्ही शून्यावर आले की एखादा मासा, आणि मग महिनाभराने पहिलं मशरूम. घाईवाल्याची हॉबी नाहीये ही.

आता मेन मुद्दा, गरमी.

टाकीचं पाणी २५ ते २७ मध्ये ठेवायचं. कोरलच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला उन्हापासून बनवलेलं अन्न देतं आणि रंगही बराचसा त्याचाच. पाणी गरम राहिलं की हे जोडपं तुटतं, कोरल ते शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, यालाच ब्लीचिंग म्हणतात. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ ला अख्खे रीफ पांढरे पडले ते नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एक-दोन डिग्री जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं म्हणून. समुद्रात एक-दोन डिग्रीने हे होतं तर आपल्या खोलीत दुपारी ४० असताना टाकीचं काय होईल याचा अंदाज करा.

पण आपल्याकडे एक फायदा आहे तो मुंबईवाल्याला नाही. आपली हवा कोरडी. एप्रिल-मेमध्ये टाकीच्या पाण्यावर तिरका पंखा मारला, कॉम्प्युटरच्या डब्यातला १२ व्होल्टचा छोटा पंखा असतो ना तोच, दोन-तीन लावायचे, की पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, तीन-चार डिग्री आरामात खाली येतात. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा निम्मं पण काम करत नाही. पंखे टेम्परेचर कंट्रोलरला जोडा, २६.५ ला चालू होतील असं सेट करा, हाताने चालू-बंद करत बसलात तर ज्या दिवशी विसराल त्याच दिवशी लू चालू असेल.

खोलीत डेझर्ट कूलर असेल तर अजून बरं, पण खिडकी उघडी पाहिजे. बंद खोलीत कूलर चालवला की हवा ओली होते, माणसाला चिकचिक होतं आणि टाकीवरचा पंखा पण कुचकामी होतो. एवढं करूनही पाणी २८ च्या खाली येत नसेल तर चिलर घ्यावाच लागतो, त्याला पर्याय नाही. चिलर टाकीतली उष्णता काढून खोलीत फेकतो, म्हणून तो कपाटात कोंबू नका, त्याचं गरम तोंड खिडकीकडे करा, आणि व्होल्टेज आपल्याकडे नाचतं म्हणून स्टॅबिलायझर लावाच.

दुसरी फुकटातली युक्ती म्हणजे एलईडीचा टाइम बदला. दुपारी बारा ते चार दिवा बंदच ठेवा, टायमर संध्याकाळी चार ते रात्री बारा लावा. कोरलला आठ तास मिळाल्याशी मतलब, ते सकाळचे का रात्रीचे त्याला काय करायचंय, आणि संध्याकाळी तुम्ही घरी असता तेव्हाच टाकी बघायला मिळते.

कधी खूपच तापलं तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत आरओचंच पाणी भरून बर्फ करा, झाकण घट्ट लावून तरंगत सोडा. बर्फाचे खडे सरळ टाकू नका. तासाला एक डिग्रीपेक्षा जास्त खाली आणायचं नाही, ३१ वरून एकदम २५ केलं तर गरमीने जे मरणार नव्हतं ते त्या धक्क्याने मरतं.

आणि हिवाळा विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला पहाटे पारा एक आकड्यात जातो. त्याच कंट्रोलरवर दुसरीकडे हीटर लावा, २४.५ ला चालू. पंखे आणि हीटर दोन्ही वर्षभर लागलेलेच असू द्या, मार्चमध्ये दिवसा पंखा आणि पहाटे हीटर असं पण होतं.

पंख्याने पाणी उडतं म्हटलं ना, त्याची दुसरी बाजू. उन्हाळ्यात ३ फुटी टाकीतून दिवसाला चार-पाच लिटर सहज जातं. जातं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं, वरण आटलं की खारट होतं तसं. एका दिवसात ३५ चं ३६ होतं आणि दोन दिवस लक्ष दिलं नाही तर ३७. म्हणून उडालेलं पाणी भरताना साधं आरओ-डीआय पाणीच भरायचं, खारं नाही. सगळ्यात जास्त लोक इथंच गडबड करतात, खारं पाणी कमी झालं म्हणून खारंच भरतात आणि महिन्याभरात टाकीचं लोणचं. काचेवर मार्करने रेघ मारा, सकाळी-संध्याकाळी रेघेपर्यंत भरा, नाहीतर फ्लोट सेन्सरवाला ऑटो टॉप-अप बसवा. माझं मत विचाराल तर खान्देशात महागड्या एलईडीच्या आधी ऑटो टॉप-अप घ्यायचा. त्याच्या डब्यात चार-पाच दिवसांचं पाणी ठेवा, पण एकदम ५० लिटरचा ड्रम जोडू नका, सेन्सर अडकला तर अख्खा ड्रम टाकीत नि टाकी हॉलमध्ये.

लाइट गेल्यावर काय. कोरल अंधारात दोन दिवस पण राहतं, पाणी हललं नाही तर मात्र काही तासांत गुदमरायला लागतं, मासे तर आधीच. गरम आणि खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन तसाही कमी मावतो, आणि रात्री तो सगळ्यात कमी असतो. म्हणून बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप टाकीला लावूनच ठेवा, आणि घरच्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलवणारा छोटा पंप घ्या, तो दहा-वीस वॅट खातो, रात्रभर चालतो. चिलर नि हीटर इन्व्हर्टरवर नको, बॅटरी लवकर झोपते. इन्व्हर्टर साइन वेव्हवाला असेल तर पंपाची मोटर गुणगुणत नाही. लाइट नसताना खायला काही टाकू नका.

खाली संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी असेल तर पहिल्याच दिवशी रिटर्न पंप, म्हणजे पाणी परत वर चढवणारा पंप मुद्दाम बंद करून बघा. पाइपमधून पाणी उलटं खाली येतं, संप त्यात मावला पाहिजे. मावत नसेल तर संपमधलं पाणी कमी ठेवा आणि रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक छिद्र पाडा, पातळी तिथवर आली की हवा शिरते नि सायफन तुटतो. हे केलं नाही तर रात्री तीन वाजता सोफ्याखाली पाणी.

कोरल आणायचं झालं तर आपल्याकडे माल बहुतेक मुंबईहून येतो, थर्माकोलच्या खोक्यात. उन्हाळ्यात मागवूच नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सीझन, आणि रात्रीच्या गाडीने आलेलं पार्सल पहाटे स्वतः स्टेशनवर जाऊन घ्या, ते प्लॅटफॉर्मवर ऊन खात पडता कामा नये. घरी आल्यावर टाकीचे दिवे बंद. पिशवी न उघडता वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग कोरल एका मगात काढून बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब सोडा, अर्धा-पाऊण तास. मग ते कोरल डिपमध्ये, म्हणजे किडे काढायच्या द्रावणात बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ बुडवून हलवा, खाली बारीक पांढरे किडे, गोगलगाईसारखं काही, ऐप्टेशिया नावाच्या उपद्रवी जीवाचं तपकिरी फुलासारखं अंग असं काही निघतं का बघा. पिशवीतलं नि डिपचं पाणी मोरीत, टाकीत नाही.

इथे एक सिरियस गोष्ट. झोआंथस आणि त्याचंच भाऊबंद पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, भयंकर जहाल. हातमोजे घाला, कापताना चष्मा घाला, हाताला जखम असेल तर हात घालूच नका, आणि यांचा दगड कधी म्हणजे कधीच उकळू नका, गरम पाण्याने घासू नका, त्या वाफेने अख्खं घर दवाखान्यात गेल्याच्या घटना जगात झालेल्या आहेत. पोरांचा हात टाकीपर्यंत पोचणार नाही असं बघा.

ठेवताना मशरूम खाली सावलीत, झोआंथस मध्ये, लेदर जरा वर. नवीन कोरल आधी तळाशी ठेवून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर न्या, नाहीतर एलईडी निम्म्यावर करून आठवड्याला थोडा वाढवा. निळा जास्त, पांढरा कमी. सॉफ्ट कोरलला ५० ते १५० पार (कोरलमधल्या शेवाळाच्या कामी येणारा उजेड मोजायचं माप) पुरतो, त्यामुळे जो सगळ्यात भगभगीत दिवा दुकानदार दाखवतो तो आपल्याला नकोच आहे. वेव्हमेकरचा झोत सरळ कोरलवर नको, काचेवर आपटून परत येऊ द्या, पॉलिप, म्हणजे कोरलची बारीक फुलासारखी तोंडं, डोलले पाहिजेत, एका बाजूला झोपलेले दिसले की झोत जास्त. झेनिया वेगळ्या दगडावर, बाकीच्यांपासून लांब, तिला टाकी आवडली की ती सगळं व्यापते. लेदर पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याला त्रास देतं, म्हणून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी कायम ठेवा नि महिन्याला बदला.

आठवड्याला १० टक्के पाणी बदला, नवीन पाण्याचं टेम्परेचर नि खारटपणा टाकीइतकाच करून. सॉफ्ट कोरलच्या टाकीत एवढ्याने अल्कलिनिटी (पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद) ८-९ डीकेएचच्या आसपास राहते. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. पाणी एकदम शुद्ध करायच्या नादात दोन्ही शून्यावर नेऊ नका, कोरल फिकं पडतं आणि डायनो नावाची तपकिरी, बुडबुडेवाली लाळ येते जी जाता जात नाही. वेगळं खाद्य आठवड्यातून एकदा पुरे, माशांना रोज टाकता त्यातलं कोरलला मिळतंच.

कोरलकडे बघायची सवय लावा. टोडस्टूल चार-पाच दिवस मिटून बसलं, वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आला तर घाबरू नका, कात टाकतंय, झोत जरा वाढवा म्हणजे पापुद्रा उडून जातो. झोआंथस मान लांब करून वर ताणले असतील तर उजेड कमी. मशरूम दगड सोडून फिरायला लागलं तर त्याला जागा आवडली नाही. सगळंच एकदम मिटलं तर मात्र पहिले थर्मामीटर, मग रिफ्रॅक्टोमीटर, मग अमोनिया, याच क्रमाने, आणि कारण सापडल्याशिवाय बाटलीतलं कुठलंही औषध ओतू नका. पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं. एलईडी निम्म्यावर आणा, टेम्परेचर धरून ठेवा, हात लावू नका, काही आठवड्यांत रंग परत येऊ लागतो. गळून चिकट झालं, वास आला तर मात्र लगेच काढा. केनिया ट्रीच्या फांद्या गळतात ते वेगळं, त्या गळून नवीन झाडं होतात.

माशाला पांढरे ठिपके आले की दुकानदार तांब्याचं औषध देतो, ते या टाकीत अजिबात नाही, मासा वेगळ्या टाकीत काढा. तांबं कोरल, कोळंबी, गोगलगाय सगळ्यांना मारतं, म्हणून टाकीच्या पाण्याला पितळी नळ-जोड पण नको. डासांचा स्प्रे, कॉइल, धूर त्या खोलीत नको. आणि आपल्याकडचं खास, कपाशीवर नाहीतर केळीवर फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ करून, कपडे बदलून पण त्या दिवशी टाकीत हात घालू नये, ही औषधं किड्यांसाठी असतात नि खेकडा-कोळंबी पण त्यांचेच नातेवाईक. दिवाळीच्या रंगकामाला टाकीवर ओला कपडा टाका, एअर पंपाची हवा दुसऱ्या खोलीतून घ्या. घरात रोज शेवभाजीची फोडणी बसत असेल तर पाण्यावर तेलकट साय येते, वेव्हमेकर थोडा वर तिरका करा, ती फुटते.

राहिलं लग्नसराईचं. बरोबर मे महिन्यातच चार दिवस गावाला जायचं असतं. जायच्या आठवडाभर आधी पंखे, कंट्रोलर, ऑटो टॉप-अप सगळं चालवून बघा, आदल्या दिवशी नवीन काहीच लावू नका. टॉप-अपचा डबा भरा, बर्फाच्या चार बाटल्या फ्रीजरमध्ये, माशांच्या खाद्याच्या रोजच्या वेगळ्या पुड्या बांधा, खाद्याचा डबा कुलपात. शेजारच्या काकूंना एकच सांगायचं, थर्मामीटर २९ च्या वर दिसला तर एक बाटली सोडा आणि मला फोन करा, बाकी कशालाच हात लावू नका, मासे कितीही काचेपाशी येऊन तोंड वासत असले तरी.